टू-स्ट्रोक मोटोक्रॉस बाइक घ्यायचीय: वायझेड २५० की केटीएम २५० एसएक्स?

चिखल_मुलुंड
राम राम मंडळी,
हिरोच्या एक्सपल्सवर माळरानं तुडवून झाली. पुण्याजवळच्या एका ट्रॅकवर भाड्याची अडीचशे फोर-स्ट्रोकही चालवली. आता स्वतःची घ्यायचीय आणि ती टू-स्ट्रोकच घ्यायचीय. का, ते मला विचारू नका, माझ्या कानांना विचारा.

समोर दोन सेकंडहँड गाड्या आहेत. एक यामाहा वायझेड २५०, २०१९ची. दुसरी केटीएम २५० एसएक्स, २०२०ची. दोन्ही आयात केलेल्या, दोन्हींना कार्ब्युरेटर, दोन्हींना किक. दोघंही मालक सहा लाखांच्या आसपास बोलतायत आणि दोघंही "फार चाललेली नाही हो" म्हणतायत. माझं वजन ६४ किलो, उंची पाच-सात. शर्यत जिंकायची हौस नाही, पण एकदा तरी स्टार्ट गेटमागे उभं राहायचंय.

वळणात कोणती ऐकते, सस्पेन्शन कुणाचं चांगलं आणि घेतल्यावर खिशाला भोक किती पडेल, एवढं सांगा. "त्या पैशात अमुक घे" असे सल्ले आले तरी चालतील, तुम्ही ऐकणार थोडेच आहात.

पेट्रोलचा_वास
जागा धरून ठेवतो. पॉपकॉर्न आणायला चाललो.

गॅरेजवाला_विन्या
फ्रेम, फोर्क आणि इंजिन असं वेगवेगळं बोलू, म्हणजे भांडायला सोपं.

वायझेडची फ्रेम ॲल्युमिनियमची. पुढे केवायबी कंपनीचा स्प्रिंग फोर्क (पुढच्या चाकाचं सस्पेन्शन), ज्याला सगळे एसएसएस म्हणतात. २००६पासून थोड्याफार फरकाने तोच चालू आहे आणि आजही लोक तो काढून दुसऱ्या कंपनीच्या गाडीला बसवतात. बारीक खडबडीवर हाताला त्रास देत नाही आणि मोठ्या उडीनंतर तळाला आपटत नाही. ऑइल आणि सील वेळेवर बदललं की झालं.

केटीएमची फ्रेम क्रोम-मॉली स्टीलची, थोडी लवचिक. गाडी मांड्यांमध्ये अरुंद लागते आणि वळणात पटकन आत पडते. पुढे डब्ल्यूपीचा एअर फोर्क. एका पायात हवा, दुसऱ्या पायात डॅम्पिंग, स्प्रिंग नाहीच. त्यामुळे पुढचं वजन दीडेक किलोने कमी. पण दर वेळी चालवण्याआधी पंप लावून प्रेशर बघावं लागतं. साधारण दहा-साडेदहा बार असतं. सकाळी थंडीत भरलंत आणि दुपारी फोर्क तापला की एक बारपर्यंत वर चढतं. तुम्ही म्हणता गाडीला काय झालं, आणि गाडीला काहीच झालेलं नसतं.

इंजिन दोघांचं २४९ सीसी, बोअर आणि स्ट्रोकसुद्धा सारखा, ६६.४ बाय ७२. तरी स्वभाव वेगळा. वायझेड मधल्या आरपीएमला एकदम ओढते. केटीएमला २०१७पासून बॅलन्सर शाफ्ट आहे, हाताला झिणझिण्या कमी, आणि ओढ वरपर्यंत पसरलेली. केटीएमचा क्लच हायड्रॉलिक आणि ब्रेक ब्रेम्बोचे, म्हणजे दिवसभर चालवून बोटं जिवंत राहतात. वायझेडला क्लचची केबल.

मुंबईत राहून घ्यायची तर माझं मत वायझेड. कारण खाली खर्चात येईल, आत्ता दुकानात गिऱ्हाईक आलंय.

आरएक्स_काका_गिरगाव
सहा लाख!! आमच्या वेळी सहा लाखांत गिरगावात खोली मिळायची आणि खाली लावायला आरएक्स १००.

पोरांनो, नव्वदच्या दशकात डर्ट ट्रॅकवर शोगन, सामुराई आणि आरएक्स याच गाड्या असायच्या. दिवे काढायचे, मागचं दातेरी चक्र मोठं लावायचं, पुंगळी बदलायची, हँडलला आडवी दांडी जोडायची, झाली मोटोक्रॉस. त्याआधी येझदी. सस्पेन्शन म्हणजे आपले गुडघे. पावसाळी स्कूटर रॅलीत लोक वेस्पा आणि एलएमएल घेऊन नवी मुंबईच्या डोंगरात चिखल खात फिरायचे, त्यांना विचारा हँडलिंग म्हणजे काय!

माझा सल्ला: ऐंशी हजाराची आरएक्स १३५ घे, उरलेल्या पैशांचं सोनं घे.

धूमकेतू_ठाणे
काका, दंडवत. पण आरएक्स १३५ आता ऐंशी हजारात देणारा माणूस मला दाखवाच. बरी असेल तर लाखाच्या वर सांगतात आणि चेसिस नंबर तपासायला गेलं की चहा पाजून वाटेला लावतात.

विन्याशी सहमत नाही. एअर फोर्कला लोक उगाच घाबरतात. ६४ किलोच्या माणसाला तोच फोर्क सोयीचा. स्प्रिंगवाल्या फोर्कला वजनाप्रमाणे स्प्रिंग बदलायची तर परदेशातून मागवा, कस्टम भरा, थांबा. इथे पंप दोनदा दाबला की काम झालं. तुझ्यानंतर ऐंशी किलोचा मित्र बसला तरी पाच मिनिटांत त्याच्या मापाची. विन्या, हा फायदा का सांगितला नाहीस? गॅरेजवाल्यांना स्प्रिंग विकायच्या असतात म्हणून?

गॅरेजवाला_विन्या
@धूमकेतू, स्प्रिंग विकून माझा बंगला झालाय, खंडाळ्याला ये कधी.

वजनाचा मुद्दा बरोबर आहे, पण हिशोब अर्धा आहे. सस्पेन्शनसाठी वजन मोजतात ते सगळं अंगावर चढवून. बूट, हेल्मेट, गुडघ्याचे ब्रेस, छातीचं कवच, पाठीवर पाण्याची पिशवी हे सहज आठ-दहा किलो होतं. म्हणजे चिखलभाऊ गाडीवर बसतात तेव्हा ६४ नाही, ७३-७४. वायझेड २५०च्या कंपनी स्प्रिंग साधारण ७५ ते ८० किलोच्या चालकाला धरून असतात. फार लांब नाही. कॉम्प्रेशनचे (फोर्क दबताना होणाऱ्या विरोधाचे) दोन-तीन क्लिक सैल केले की चालतंय. नवीन स्प्रिंगचा खर्च शून्य.

खरी गोष्ट मागच्या शॉकची. गाडी कुठलीही घ्या, आधी सॅग लावा, म्हणजे वजनाने मागची बाजू किती दबते ते जमवा. गाडी स्टँडवर, मागचं चाक हवेत. मागच्या एक्सलपासून मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंत टेपने माप घ्या. मग पूर्ण कपड्यात गाडीवर बसा, एकाने पुढून धरायचं, दुसऱ्याने तेच माप घ्यायचं. फरक १०० ते १०५ मिलिमीटर यायला हवा. तेवढा येईपर्यंत शॉकवरची रिंग फिरवा. मग खाली उतरून गाडी नुसती स्वतःच्या वजनावर किती बसते ते बघा, ३० ते ४० हवं. इथे नवशिक्यांचा घोळ होतो: चालकाचं माप बरोबर आहे आणि रिकामी गाडी जास्त बसतेय, तर स्प्रिंग कडक आहे. रिकामी अगदीच कमी बसतेय, तर स्प्रिंग मऊ आहे. उलटं वाटतं, पण मऊ स्प्रिंगला रिंग पिळून पिळून आवळलेली असते, म्हणून ती रिकामी असताना खाली येत नाही.

मागची बाजू उंच राहिली तर गाडी चटकन वळते पण सरळ वेगात हँडल डोलतं. खाली बसली तर सरळ छान, वळणात पुढचं चाक बाहेर पळतं. "ही गाडी वळत नाही" म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांची निम्मी गाऱ्हाणी टेपवर मिटतात.

पेट्रोलचा_वास
वाखु (वाचनखूण) साठवली. माझ्याकडे ॲक्टिव्हा आहे, पण टेप घेऊन खाली चाललोय.

चिखलराणी
सगळे अडीचशेवरच का बसलेत? माझी १२५ आहे आणि मी ती विकणार नाही.

नवशिक्याने २५० टू-स्ट्रोक घेतली की तो थ्रॉटल अर्धाच उघडतो, कारण पूर्ण उघडला की ती हातातून जाते. १२५ तुम्हाला पूर्ण उघडायला लावते. वळणात वेग सोडला की ती मेली, म्हणून वळण नीट घ्यायला शिकता. शिवाय फोर-स्ट्रोकवरून येणाऱ्याला पहिला झटका इथे बसतो: थ्रॉटल सोडला तरी इंजिन ब्रेकिंग जवळजवळ नाही. उतारावर गाडी मोकळी पळते. ब्रेक आधी लावायला शिका, मागचा जास्त वापरा, आणि वळणातून निघताना क्लचला एक बोट लावून इंजिन ओढीत ठेवा. हे १२५वर चुकलं तर गाडी ढिम्म होते. २५०वर चुकलं तर डॉक्टर.

साठ-पासष्ट किलोला १२५ भरपूर आहे.

धूमकेतू_ठाणे
+१ पण १२५चा पिस्टन किती वेळा बदलता ते पण सांगा ना ताई.

चिखलराणी
बदलते. सतत वर फिरणारं इंजिन आहे, रेस करणारे वीस तासांच्या आतही बदलतात, माझ्यासारखे हौशी चाळीसपर्यंत नेतात. २५०चा त्याहून बराच जास्त टिकतो, हे मान्य. पण पिस्टन बदलणं म्हणजे हेड आणि सिलिंडर काढा, पिस्टन, रिंग, पिन, छोटं नीडल बेअरिंग, गॅस्केट घाला, संध्याकाळी परत चालू. मी घरच्या गॅलरीत करते. सासूबाई सर्क्लिप (पिन अडकवायची बारीक कडी) शोधायला मदत करतात, त्यांची नजर चांगली आहे.

व्हॉल्व्ह_नाना
धागाकर्त्याने विचारलं नाही तरी सांगतो. जग फोर-स्ट्रोककडे गेलंय ते उगाच नाही. १९९७ला डग हेन्रीने लास वेगासची सुपरक्रॉस यामाहाच्या चारशे फोर-स्ट्रोकवर जिंकली, पुढच्या वर्षी वायझेड ४००एफ बाजारात आली, आणि दहाएक वर्षांत होंडाने सीआर, सुझुकीने आरएम या टू-स्ट्रोक बंद केल्या. आपल्याकडे जानेवारी २०२४ला बालेवाडीत सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली, तिथे मोठ्या गटांत सगळा फोर-स्ट्रोकचाच आवाज. उद्या स्पर्धेत उतरायचं तर हात फोर-स्ट्रोकवर बसलेला बरा.

गॅरेजवाला_विन्या
नाना, तेव्हा नियमच तसे होते. १२५ टू-स्ट्रोकसमोर २५० फोर-स्ट्रोक, २५०समोर ४५०. दुप्पट इंजिन देऊन शर्यत लावली तर कोण जिंकणार?

आणि बिघडल्यावर बघा ना. फोर-स्ट्रोक रेस इंजिनमध्ये टायटॅनियमचे व्हॉल्व्ह, कॅम, चेन. क्लिअरन्स तपासत राहा. व्हॉल्व्ह तुटून खाली पडला तर हेड, पिस्टन, सिलिंडर, कधी क्रँक, सगळ्याचीच वाट. त्या बिलात टू-स्ट्रोकची अनेक टॉप-एंड (पिस्टन-रिंग बदलण्याची कामं) होतात.

खर्चाचं राहिलं होतं. पिस्टन किट परदेशात दीडशे डॉलरच्या आसपास, वर कुरिअर आणि कस्टम. पेट्रोलमध्ये मिसळायचं चांगलं सिंथेटिक ऑइल हजार-दीड हजार रुपये लिटर. ४०:१ला (चाळीस भाग पेट्रोल, एक भाग ऑइल) लिटरमागे २५ मिली, म्हणजे पाच लिटरच्या कॅनला १२५ मिली. ऑइलने कोणी भिकेला लागत नाही. भिकेला लागतात ते सिलिंडरने.

काका, तुमच्या आरएक्सला आत बिडाची स्लीव्ह होती. पिस्टन चिकटला की लेथवाल्याकडे जाऊन बोअर वाढवायचा, पुढच्या मापाचा पिस्टन घालायचा. या गाड्यांच्या सिलिंडरला आतून निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा मुलामा असतो. तो खरवडला की बोअर करून भागत नाही. परत मुलामा द्या नाहीतर नवा सिलिंडर आणा. म्हणून एअर फिल्टर हा सगळ्यात स्वस्त विमा. धूळ आत गेली की ती आतून पॉलिश पेपर मारते. फिल्टर प्रत्येक वेळी धुवायचा, सुकवायचा, चिकट फिल्टर ऑइल हाताने मुरवायचं. फिल्टरचा आळस आला तर गाडी विका.

वायझेड का, तर यासाठी. वर्षानुवर्षं इंजिन जवळजवळ तेच, त्यामुळे जुन्या-नव्या वर्षांचे बरेच भाग एकमेकांना चालतात. ऑइल सील आणि बेअरिंग तर माप घेऊन नागदेवी स्ट्रीटला गेलं की बऱ्याचदा तिथेच मिळतात. केटीएमचंही मिळतं, पण मालिका बदलत राहते, २०२३ला तर पूर्ण इंजिन बदललं, इंजेक्शन आलं, सेल्फ स्टार्ट आला.

आरएक्स_काका_गिरगाव
टू-स्ट्रोकला सेल्फ स्टार्ट? कलियुग.

नाशिकचा_गडी
कार्ब्युरेटरचा विषय कोणी काढेना, म्हणून मी काढतो. मुंबईतून नाशिकला, पुण्याला गाडी घेऊन येणार तर जेटिंग, म्हणजे कार्ब्युरेटरमधून किती पेट्रोल जातं ते जमवणं, समजून घ्या.

उंचीवर हवा विरळ, म्हणजे मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होतं. थंडीत हवा घट्ट, म्हणजे लीन (पेट्रोल कमी). मुंबईत समुद्राच्या पातळीवर ३२ अंशांत गाडी जमवलीत आणि जानेवारीच्या पहाटे नाशिकला आणलीत, तर साधारण सहाशे मीटर उंचीमुळे हवा सात टक्के विरळ आणि दहा अंश तापमानामुळे तेवढीच घट्ट. दोन्ही जवळपास फिटतात. लोक म्हणतात "वा, काही बदलावं लागलं नाही". मग दुपारी ऊन तापतं आणि गाडी फडफडायला लागते, कारण थंडी गेली, उंची राहिली. तेव्हा मेन जेट एक माप खाली.

उलटं जास्त धोक्याचं. इथे दुपारी जमवलेली गाडी थंड पहाटे किंवा खाली समुद्रकाठी नेली तर लीन होते आणि पिस्टन चिकटतो. प्लगचा रंग बघत चला. काळा ओला म्हणजे रिच, पांढरट म्हणजे थांबा. त्या वर्षांच्या एसएक्सच्या मिकुनी कार्ब्युरेटरचं जेटिंग जमवायला वेळ जातो अशी जगभर ओरड आहे. वायझेडचा केहिन बिचारा गुणी.

आणखी एक, थंड इंजिनला जोर देऊ नका. पिस्टन लगेच तापून फुगतो, बाहेर पाण्याचा सिलिंडर अजून गार असतो, आणि दोघांमध्ये जागा उरत नाही. रेडिएटरला हात लावून कोमट लागेपर्यंत आरामात फिरवा.

बंदरावरचा_बाबू
आयातीचं क्लिअरिंग करतो, म्हणून दोन शब्द. सेकंडहँड घेताना मालकाकडे बिल ऑफ एंट्री (कस्टमचा आयातीचा कागद) मागा आणि त्यावरचा चेसिस नंबर हँडलच्या मानेवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळवा. या गाड्यांना आरसी नसते, त्यामुळे मालकी सिद्ध करायला तोच कागद. "सुट्ट्या भागांत आणली" असं कोणी कौतुकाने सांगितलं तर नमस्कार करून निघा.

नवीन आणायची म्हटलं तर १६०० सीसीच्या आतल्या तयार बाइकवरचं मूळ शुल्क २०२५च्या अर्थसंकल्पात ५०वरून ४० टक्क्यांवर आलं. वर जीएसटी वगैरे आहेच. केटीएमने नोव्हेंबर २०२४ला भारतात अधिकृतपणे मोटोक्रॉस गाड्या आणल्या, त्यात टू-स्ट्रोक म्हणजे ५०, ६५ आणि ८५ एसएक्स. कावासाकीच्या टू-स्ट्रोकही केएक्स ६५, ११२ अशा लहानच. म्हणजे मुलांची सोय झाली, बापाची नाही. ८५ एसएक्सच तेव्हा ६ लाख ६९ हजार होती, त्यावरून तुमच्या सहा लाखांचा अंदाज घ्या.

पेट्रोलचा_वास
मुलगा होईपर्यंत थांबा मग.

सोसायटी_सेक्रेटरी_बोरिवली
मी खरोखरच सेक्रेटरी आहे, नाव बघून हसू नका. आमच्या इमारतीत एकाने अशी गाडी आणली. रविवारी सकाळी सात वाजता पार्किंगमध्ये चालू करून बघितली. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना वाटलं डासांची धुराची गाडी आली, त्यांनी खिडक्या लावून घेतल्या. सर्वसाधारण सभेत दोन तास तोच विषय. गाडी कुठे ठेवणार, कुठे धुणार (चिखलाने गटार तुंबतं), कुठे चालू करणार, हे धागाकर्त्याने आधी ठरवावं.

गॅरेजवाला_विन्या
सेक्रेटरीसाहेबांचा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. मुंबईत गाडीपेक्षा तिची जागा महाग. माझी काही गिऱ्हाइकं गाडी कर्जत, बदलापूरकडे कोणाच्या तरी शेडमध्ये ठेवतात, महिन्याचं भाडं देतात. ठरलेल्या तासांनी करायची सर्व्हिस सगळ्यांना आठवते, हे भाडं आणि दर वेळचा छोटा हत्ती कोणी धरत नाही. रस्त्यावर दहा मीटरसुद्धा चालवता येत नाही, दिवे नाहीत, नंबर नाही. किनाऱ्यावर किंवा येऊरच्या जंगलात न्यायची तर कृपा करून माझ्या गॅरेजचं नाव सांगू नका.

चिखल_मुलुंड
मुलुंडचा सेक्रेटरी माझा सख्खा मामा आहे. म्हणजे अजूनच कठीण.

गाडी ऐरोलीच्या एका मित्राच्या गाळ्यात राहील, ते ठरलंय. १२५चा विचार डोक्यात घुसला होता, पण दोन महिने शोधून मुंबई-पुण्यात धड १२५ सापडली नाही. पुढच्या शनिवारी दोन्ही २५० बघायला जातोय. काय काय बघू? आणि पडलो तर मेडिक्लेम चालतो का?

पॉलिसी_पाटील
विम्यात आहे. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अपवादांमध्ये साहसी खेळांचं कलम आहे, त्यात मोटर रेसिंगचा उल्लेखही आहे, पण ते *व्यावसायिक* म्हणून भाग घेणाऱ्यांसाठी. हौस म्हणून चालवताना हाड मोडलं तर त्या कलमाखाली सरसकट नाकारता येत नाही. तरी तुमच्या पॉलिसीची भाषा वाचा. बक्षिसाची रक्कम घ्यायला लागलात की मला फोन करा, नाही, करू नका.

गॅरेजवाला_विन्या
बघायला जाताना: मालकाला आधी सांगा, गाडी गार ठेवा. पोचल्यावर पहिला हात सिलिंडरला. कोमट लागला तर तुमच्यासाठी आधीच चालू करून ठेवलीय, म्हणजे गार असताना ती नखरे करते.

मग चेंबरच्या (एक्झॉस्टच्या फुगीर नळीच्या) स्प्रिंगा काढून चेंबर उतरवा आणि एक्झॉस्ट पोर्टमधून टॉर्च मारा. किक हळू दाबून पिस्टन वरखाली करा. पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे दिसले तर चिकटून सुटलेला आहे. रिंगा पोर्टसमोरून जाताना स्वच्छ चकाकल्या पाहिजेत. पॉवर व्हॉल्व्हवर (एक्झॉस्ट पोर्ट लहानमोठं करणाऱ्या झडपेवर) कार्बनचा थर असेल तर हरकत नाही, साफ होतो.

गिअर ऑइल काढून बघू दिलं तर उत्तम. दुधाळ असेल तर वॉटर पंपाचं सील गेलंय. चालू झाल्यावर पांढरा धूर थांबतच नसेल आणि गिअर ऑइल कमी होत असेल तर उजवं क्रँक सील. थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम खाली यायला वेळ लागला तर डावीकडून हवा ओढतेय, ती गाडी नको. मागचं चाक उचलून वरखाली हलवा, लिंकेजमध्ये (शॉकला मागच्या चाकाशी जोडणाऱ्या सांध्यांत) टकटक आली तर बेअरिंग गेलंय. फोर्कच्या नळीवर नख फिरवा, खाच लागली तर सील टिकणार नाही.

आणि स्टिकर नवे कोरे असतील तर जास्त बारकाईने बघा.

चिखल_मुलुंड
बघून आलो. विन्याभाऊ, साष्टांग.

केटीएम आधी. सिलिंडर चक्क गरम. मालक म्हणाले, "तुम्हाला त्रास नको म्हणून." चेंबर उतरवायला नाही म्हणाले. चालवून मात्र खूश झालो, इतकी हलकी वाटते की वळायचं मनात आलं की वळलेली असते. क्लच तर लोणी. आणि स्टिकर, काय सांगू, काचेसारखे.

वायझेड वसईकडच्या एका गोदामात. गाडी धुळीने भरलेली, प्लॅस्टिकवर ओरखडे, एक रेडिएटर किंचित वाकलेला. सिलिंडर थंडगार. तिसऱ्या किकला चालू. मालकाने स्वतःच स्प्रिंगा काढून चेंबर बाजूला ठेवला. टॉर्च मारली, पिस्टनचं अंग स्वच्छ, एकही उभी रेघ नाही, रिंगा चमकत होत्या. गिअर ऑइल मधासारखं. बिल ऑफ एंट्रीवरचा नंबर मानेवरच्या नंबराशी जुळला. पण मागचं चाक हलवलं तर टक टक टक. लिंकेजला ग्रीस कधी लागलंय असं वाटत नाही. आणि चालवल्यावर मागची बाजू नुसती उड्या मारते.

हँडलिंग म्हणाल तर केटीएम आवडली, गाडी म्हणाल तर वायझेड.

धूमकेतू_ठाणे
केटीएमचा मालक भोंदू आहे, गाडी नाही. दुसरी केटीएम शोध, घाई कशाला?

चिखलराणी
दुसरी शोधायला अजून एक मोसम जाईल. चालवणारा गाडीवर हवा, जाहिरातींवर नाही.

गॅरेजवाला_विन्या
धूमकेतूचं पहिलं वाक्य पटतं. चांगली राखलेली केटीएम वाईट राखलेल्या वायझेडपेक्षा शंभर पटीने बरी. पण इथे प्रकरण उलटं आहे.

लिंकेजची बेअरिंगं आणि सीलं हा किरकोळ खर्च आहे, मालकाकडून पंचवीस हजार तरी उतरवून घ्या, रेडिएटरचे वेगळे. मागची बाजू उड्या मारतेय कारण लिंकेज अडकतंय आणि शॉकमधलं ऑइल मेलंय. शॉक सर्व्हिस, फोर्क ऑइल आणि मग सॅग. हे झाल्यावर परत चालवा, तेव्हा हँडलिंगचं बोलू. दोन नीट जमवलेल्या गाड्यांची तुलना होते, एक सर्व्हिस केलेली आणि एक न केलेली अशा दोन गाड्यांची होत नाही.

चिखल_मुलुंड
पाच पंचाऐंशीला सौदा झाला. टोकन दिलं. सोमवारी गाडी सरळ विन्याभाऊंकडे.

आरएक्स_काका_गिरगाव
अभिनंदन. पेढे नकोत, एकदा माझ्या दारात चालू करून दाखव. सेक्रेटरीला मी बघून घेतो.

चिखलराणी
अभिनंदन! सस्पेन्शन झालं की नाशिकला याल का? माझा पिकअप ठरलेलाच आहे, शेजारी दुसरी बाइक बसते. भाडं निम्मं-निम्मं, पट्टे माझे, रॅम्प तुम्ही आणा. मिक्स पेट्रोलचा पण एकच कॅन नेऊ, मी ४०:१ करते.

चिखल_मुलुंड
नक्की येतो. पण वायझेडच्या मॅन्युअलमध्ये ३०:१ लिहिलंय ना?

नाशिकचा_गडी
मी ३२:१. त्याहून कमी ऑइल घालणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं.

धूमकेतू_ठाणे
नव्या सिंथेटिक ऑइलला ५०:१सुद्धा पुरतं. ३०:१ हे जुन्या ऑइलच्या काळातलं...

संपादक
मंडळी, ऑइलचा वेगळा धागा काढा. मागच्या वेळी त्याच विषयावर दोघांची खाती गोठवावी लागली होती.